हरिहरची मोटार

"मग आता तूच चालव," प्लास्टरमधला हात सांभाळत विश्राम म्हणाला. "आनंदच्या हाती दिली तर बैलगाडीसारखी हाकेल. शर्यत रविवारी आहे."

हरिहर बॉनेटखाली वाकला होता, तो तसाच राहिला. कल्याणच्या छावणीतला गोरा साहेब विलायतेला जाताना ही मोडकी एम. जी. मोटार टाकून गेला. विश्रामने ती भंगाराच्या भावात उचलून माजिवड्याच्या गोठ्यात आणली आणि तिघा मित्रांनी दोन वर्षं सगळे रविवार तिच्यापायी घालवले. कचेरीत शिक्के मारताना हरिहरच्या डोक्यात तिचंच इंजिन घरघरत असे. पण तिच्या स्टिअरिंगवर तो एकदाही बसला नव्हता. थोरला भाऊ परशुराम आणि तो बरोबरच मोटार शिकलेले. परशुराम घोडबंदर रोडवर मोटार उलटून तिच्याखालीच गेला, तेव्हा आईने हरिहरचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, की पुन्हा मोटार चालवायची नाही. शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची, हा घरोघरीचा कायदा. इतक्या वर्षांत तिला विचारायची मात्र याची छाती झाली नव्हती.

त्या संध्याकाळी झाली. आई वाती वळत होती. हरिहरने अडखळत सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसला.

"अरे, ती तर मी केव्हाच सोडली," आई म्हणाली. "तुझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत. सुमतीला म्हटलं, तू सांग त्याला. माझ्या तोंडून परशुरामचं नाव निघेना रे."

हरिहर स्वयंपाकघरात गेला. सुमतीने सगळं ऐकलं होतं. तिने शेगडीवरचं पातेलं उतरवलं, पण मागे वळून पाहिलं नाही.

"मुद्दामच नाही सांगितलं," ती म्हणाली. "पुढेही सांगितलं नसतं. तुम्ही संध्याकाळी धड घरी येत होतात, मला तेवढं पुरे होतं. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी काही शपथ घालणार नाही."

हरिहरला संताप आला, पण तो काढायचा कुणावर? शपथ होती तोवर न चालवण्याचं खापर शपथेवर फोडता येत होतं. आता दार सताड उघडं होतं आणि त्याचा पाय निघत नव्हता. सुमतीने वाढलेला भात त्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन त्याने सांगितलं, की आई शपथ सोडत नाही. विश्रामने म्हातारीला नावं ठेवली. हरिहरने तीही ऐकून घेतली.

रविवारी शर्यतीला जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर गाडी आनंदने नेली. हरिहर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराशी उभा होता. वळणावरून सुटताना इंजिन मोकळं व्हायला तडफडत होतं, आनंद मात्र जपून हाकत होता. हरिहरचा उजवा पाय मातीत रुतत चालला.

शेजारच्या गृहस्थांचं तिकडे लक्ष गेलं. "आपण मोटार चालवता वाटतं?" त्यांनी हसून विचारलं.

हरिहरने पाय मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला. "आईची शपथ आहे."