तांडेलाचा वाटा

नाटे गावच्या अभयला रत्नागिरीच्या प्रशिक्षणात पांढरा कोट मिळाला आणि तिथपासून गावाची पंचाईत झाली. आधी माणूस त्याच्या मेडिकलमध्ये जायचा, डोकेदुखीची गोळी घ्यायचा, घरी यायचा. आता आधी खुर्चीत बसायचं, दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि मीठ कमी करा हे व्याख्यान ऐकायचं. वर्षभर मासळी खारवून खाणाऱ्या गावाला हे व्याख्यान! गोळी हातात पडेपर्यंत डोकं दुखायचं थांबलेलं असायचं, नाहीतर नव्याने सुरू झालेलं.

योजनेचं नाव 'औषधमित्र'. डॉक्टर लांब राजापुरात, मेडिकलवाला दाराशी. तेव्हा त्यानेच कायमच्या गोळ्या मोफत द्याव्यात आणि रुग्णांवर लक्ष ठेवावं, ही कल्पना खरंच चांगली होती. पण लक्ष ठेवलं हे वरच्या साहेबांना कळायचं कसं? म्हणून नियम निघाला: महिनाअखेर रिकामी पट्टी परत करा, नवी घेऊन जा. पट्टी रिकामी म्हणजे गोळ्या पोटात. यात अभयलाही काही खोट दिसली नाही.

रिकाम्या पट्ट्यांत पहिला नंबर रघू तांडेलाचा. रघू होडीचा प्रमुख, साखरेचा जुना रुग्ण. बाकीच्यांच्या पट्टीत चार-दोन गोळ्या विसरलेल्या असायच्याच. रघूची पट्टी कायम साफ. साहेबांनी त्याला 'आदर्श रुग्ण' ठरवलं, मेडिकलच्या भिंतीवर त्याचा फोटो लावायला सांगितलं आणि सत्काराला स्वतः आले. रघू एकाच पायात चप्पल घालून स्टेजवर चढला. दुसऱ्या पायाला फडकं होतं. शिंगाळा माशाचा काटा लागल्याचं निमित्त, पण गणपतीपासून जखम काही भरत नव्हती.

भाषण रंगात आलं आणि साहेबांना प्रात्यक्षिकाची हुक्की आली. "घ्या यांची साखर, सगळ्यांसमोर!"

अभयने रघूच्या बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं आणि परत एकदा बघितलं. साखर चारशेच्या वर गेली होती.

"यंत्र बिघडलंय," साहेब हसत म्हणाले आणि रघूच्या अंगावर शाल टाकून मोकळे झाले.

टाळ्या पडल्या. रघूची बायको बकुळा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. मंडप रिकामा झाल्यावर तिने अभयचा कोट धरला. "माज्या दिराचा पाय असाच कापला. ह्यांचा पण कापणार काय रे? गोळ्या देतोस ना तू?"

आजवर न विचारलेला प्रश्न अभयने तेव्हा कुठे विचारला. "रघूकाका, गोळी रोज घेता ना?"

"माज्या वाट्याची घेतो की."

"वाट्याची म्हणजे?"

रघूला अभयच्या अडाणीपणाची कीव आली. "अरे, होडीवर जे काय येल ता वाटून खायचा. खलाशांसमोर मी येकटाच सरकारी गोळी गिळू? तांडेल हाय मी, चोर नाय. सगळ्यांना येकेक. आनी येक होडीची."

"होडीची गोळी?"

"मासळी वाटताना होडीचा वाटा नसतो काय? ती दर्यात सोडतो."

अभय स्टेजवरच्या रुग्णाच्या खुर्चीत बसला. मग सवयीने व्याख्यानाला तोंड उघडलं, मूत्रपिंडापर्यंत पोचला, रघूचा चेहरा बघितला आणि तिथेच थांबला. त्याने विचारलं, "काका, तांडेलाला खलाशापेक्षा जास्त वाटा असतो ना?"

"असतो. जोखीम त्याची."

"त्यातला कोणी मागतो?"

"कोणाची हिंमत!"

"मग ही पट्टी तांडेलाचा वाटा. होडी सांभाळायची तर पाय हवा. त्यासाठी उद्या राजापूरला डॉक्टरांकडे मी घेऊन जातो तुम्हाला."

रघू विचारात पडला. "आनी खलाशांचा?"

"सगळ्यांना तपासतो. ज्याला गरज निघेल, त्याला डॉक्टरांना विचारून त्याची वेगळी पट्टी."

"आनी होडीचा?"

"होडीची साखर मी बघितली. उत्तम आहे."

बकुळा पदर तोंडावर धरून हसली. हसता हसता तिला रडू आलं.

पुढे रघूची साखर उतरत गेली. दिवाळी उलटल्यावर तो पट्टी घेऊन आला, तर तिच्यात दोन गोळ्या शिल्लक. "दोनदा इसरलो," त्याने सरळ सांगितलं. अभयनेही तसंच वर कळवलं.

साहेबांचा फोन आला. "तुमचा आदर्श रुग्ण अनियमित निघाला! फोटो काढून टाका त्याचा. तुमचं नाव पुरस्काराला पाठवणार होतो, तेही गेलं."

"पण साहेब, त्यांची साखर..."

"साखर आपल्या योजनेत नाही. पट्टी आहे."

अभय भिंतीवरचा फोटो काढायला स्टुलावर चढला. तेवढ्यात बकुळा दारात आली आणि तिने टोपलीतले बांगडे काउंटरवर ठेवले. "होडीवरनं ह्यांनी दिले. तुजा वाटा, म्हणाले."

अभयने बाहेर बघितलं. रघू पाखाडीच्या पायऱ्या चढून येत होता, दोन्ही पायांत चपला घालून. अभय फोटोला हात न लावता खाली उतरला.