रिबीन बांधलेला कूलर

मी कूलर बोलतोय. नागपूरचा कूलर, शोभेची वस्तू नव्हे. पत्र्याचं अंग, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी आणि छातीत पंखा. होळी झाली की आम्हाला माळ्यावरून उतरवतात आणि पावसाचे चार शिंतोडे पडले की परत चढवतात. मधल्या काळात आमच्या पुढ्यातल्या जागेसाठी सख्खे भाऊ भांडतात.

मला मधुकररावांनी बनवून घेतलं. ते कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते. कपड्यांवर राख घेऊन यायचे, आंघोळ करायचे आणि माझ्यासमोर चटई टाकून आडवे व्हायचे. दरवर्षी स्वतः ताट्या बदलायचे, गंज घासून रंग द्यायचे. पुढे प्रताप नगरात घर बांधलं, तेव्हा खिडकीचं माप त्यांनी माझ्या अंगावरून घेतलं. एवढा मान त्या घरात जावयालाही मिळाला नाही.

मग त्यांच्या मुलाला, जितेंद्रला, साधेपणाचं वेड लागलं. कुठल्याशा शिबिरातून तो ऐकून आला, थोडक्यात राहा, भरभरून द्या, पृथ्वी वाचवा. आल्या आल्या त्याने घरातलं धडधाकट सामान काढायला घेतलं. सागवानी दिवाण गेला, बांबूच्या बैठकी आल्या. स्टीलचे डबे गेले, काचेच्या बरण्या आल्या. साधेपणाची खरेदी इतकी जोरात चालली की कुरिअरवाला घरच्यासारखा झाला. सूनबाई मिनल प्रत्येक नव्या वस्तूचा फोटो काढायची आणि खाली लिहायची, 'कमी वस्तू, जास्त समाधान.'

शेवटी माझी पाळी आली. मी म्हणे फार पाणी पितो. एसी थेंबभरही पीत नाही, म्हणून पृथ्वीच्या भल्यासाठी एसी घेतला.

"एसीची वीज काय झाडाले लागते काय गा?" मधुकरराव म्हणाले. "माही अख्खी नोकरी कोळशात गेली."

जितेंद्रने त्यांना समजावलं की हा पाच ताऱ्यांचा आहे, वीज कमी खातो. मधुकररावांनी पेपर उघडला आणि तोंड त्यामागे लपवलं.

आता मला द्यायचं कोणाला? घरी धुणीभांडी करणाऱ्या ताराने आपणहून विचारलं. तिची लेक मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. टिनाची खोली, बाळाच्या अंगभर घामोळ्या, डोळ्याला डोळा नाही. मागताना ताराची मान खाली होती. मिनल लगेच हो म्हणाली. फक्त जूनमध्ये पर्यावरण दिनाला कॉलनीच्या मंडळाचा दानसोहळा होता आणि पाहुण्यांच्या हस्ते द्यायला एखादी ठसठशीत वस्तू हवी होती. तोवर मला लाल रिबीन बांधून पोर्चमध्ये उभं केलं.

आणि नवतपा लागला. उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले दिवस ते, कावळासुद्धा नळाखाली येऊन बसतो. मी कोरडा ठणठणीत, रिबीन लावून नवरदेवासारखा उभा. आत एसीत मंडळाची सभा चालू होती. विषय होता, गरजूंपर्यंत पोहोचायचं कसं. गरजू बाई मागच्या मोरीवर त्यांच्याच चहाचे कप विसळत होती. पत्र्याला लाज वाटत नाही म्हणतात, मला वाटली.

एका दुपारी तारा आली ती रडवेली. बाळ सकाळपासून दूध ओढेना, नुसतं निपचित पडून होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी गारव्यात ठेवा म्हणून बजावलं होतं. तिने हे मिनलला सांगितलंच नाही, मधुकररावांना सांगितलं. म्हातारा उठला, विळीने रिबीन कापली, ई-रिक्षा बोलावली आणि मला घट्ट धरून शेजारी बसला. खोलीचं दार लावून एसीत झोपलेल्या जितेंद्रला याचा पत्ताही लागला नाही.

ताराच्या वस्तीत नळ सकाळीच येऊन जायचा. माझी टाकी भरणार कशाने? शेजारणींनी आपापल्या घरातला पाण्याने भरलेला एकेक पितळी गुंड आणून ओतला, प्यायच्या पाण्यातला. ताराने मला दारात तिरपा ठेवला, म्हणजे समोरच्या आजारी म्हातारीलाही वारा लागेल. यातली एकही बाई शिबिराला गेलेली नव्हती. संध्याकाळी बाळ दूध प्यायलं. इतका आनंद मला त्या खिडकीत कधी झाला नव्हता.

पर्यावरण दिनाला जितेंद्र टेम्पो घेऊन हजर. कोरी खादी, घामाने चिंब.

"ताराबाई, एका तासाकरता द्या. पाहुणे येऊन बसून राहिले. वापस आणून देतो ना."

"न्या ना भाऊ," तारा म्हणाली. "फक्त तवरक या लेकराले तुमच्या एसीत झोपवा."

जितेंद्रने बाळाकडे पाहिलं, दाराबाहेर तापलेल्या टिनांकडे पाहिलं. मग जरा वेळ माझ्या वाऱ्यात उभा राहिला. घाम वाळल्यावर मोबाइल काढून माझा फोटो घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. सोहळ्यात म्हणे त्या फोटोचं दान झालं. टाळ्या चांगल्या पडल्या.

माझं बूड आता गंजलंय, आणखी एखाद-दोन उन्हाळे निघतील. तेवढे मी इथेच काढीन. तुम्हीही थोडक्यात राहा, भरभरून द्या, पृथ्वीचं भलंच होईल. हात जोडून एवढंच मागणं आहे, कूलर द्यायचा असेल तर उन्हाळ्यात द्या.