मी पहारेकऱ्यांना जागं केलं

मी आरएनए. डोळ्यांना दिसणार नाही असा बारीक धागा. तुमच्या प्रत्येक पेशीत माझे भाऊबंद राबतात. त्यातले काही प्रथिनं बनवण्याचा निरोप पोचवतात. मी मात्र नियामक! कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं दाबायचं, यात माझा शब्द चालतो. आणि आज मला गप्प बसवतच नाही!

माझा जन्म एका यंत्रात झाला. बर्फाच्या खोक्यातून मी सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत आलो. चैताली नावाच्या संशोधिकेनं मला उतरवून घेतलं. बाहेर डांबर पाघळत होतं आणि मी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये!

मला कशासाठी आणलं? शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्यांनी आरोळी ठोकली की लढणाऱ्या पेशी धावून येतात. पण एचआयव्ही हा लबाड विषाणू. त्याच्यापुढे पहारेकरी पेंगतात. त्यांना जागं करायचं, हे माझं काम.

रक्त दिलं नागूबाईंनी. शुक्रवार पेठेत त्या भाकऱ्या थापून विकतात. हा आजार त्यांना नवऱ्याकडून आला. तो गेला, पण नागूबाई रोजच्या गोळ्या घेत खमक्या राहिल्या. घरात मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा आल्या त्या पदरानं तोंड झाकूनच.

"लोकास्नी कळलं तर माज्या भाकरीला कोन हात लावंल?"

"मावशी, भाकरीतनं हा आजार पसरत नाही," चैताली म्हणाली.

"मला ठावं हाय गं. लोकास्नी कुटं ठावं हाय?"

चैतालीनं माझ्यासोबत आलेल्या भावंडांना चरबीच्या इवल्या थेंबांत भरून नागूबाईंच्या पहारेकरी पेशींत सोडलं. सोबत विषाणूचे निरुपद्रवी तुकडे आणि लढणाऱ्या पेशी, सगळं बारीक खळग्यांच्या एका डबीत. जी पेशी लढायला उठेल, तिच्या जागी निळा ठिपका उमटणार होता.

एकही उमटला नाही.

माणसाच्या कातडीवर आमचे तुकडे पाडणारं एक रसायन असतं. चैतालीचा हातमोजा बोटाशी फाटला होता. पोचण्याआधीच माझ्या भावंडांच्या चिंधड्या झाल्या. फ्रीजमधल्या नळीत उरलो तो मी.

"रक्त संपलं," प्रयोगशाळेचे प्रमुख शरणबसव सर म्हणाले. "पुन्हा येतील त्या?"

चैतालीनं भीतभीतच फोन लावला. नागूबाई म्हणाल्या, "येते. पर आदी घरात एक काम हाय."

त्या आल्या, तेव्हा सोबत सून वैजयंती होती. तोंडावर पदर नव्हता.

"सुनंला समदं सांगितलं," नागूबाई म्हणाल्या. "लई रडली. मग म्हनली, चला, मी गाडीवर घेऊन जाते."

"आत्यांनी एकटीनं लई सोसलं की," वैजयंती म्हणाली आणि सासूची बाही स्वतःच वर सरकवली.

या खेपेला पाळी माझी, आणि चैतालीचे हातमोजे नवे! थेंबात बसून मी पेशीच्या आत शिरलो. जी जनुकं झोपली होती, ती एकेक करून उठू लागली. पहारेकऱ्यानं विषाणूचा तुकडा उंच धरला आणि अशी आरोळी ठोकली म्हणता!

"सर! ठिपके! बघा तरी!" चैताली ओरडली.

सर धावले नाहीत. त्यांनी आधी मला न घातलेल्या खळग्या तपासल्या. तिथं एकही ठिपका नव्हता. माझ्या खळग्यांत मात्र निळी गर्दी! त्यांनी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा तेच. तेव्हा कुठे ते हसले.

दोघी सासू-सुना संगणकावर फोटो बघायला आल्या.

"हे समदे ठिपके माजेच हायत व्हय?" नागूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"तुमच्याच पेशी, मावशी. लढायला उठलेल्या."

"मग गोळ्या बंद करू?"

"अजिबात नाही! हे अजून डबीतलं आहे. शरीरात जमेल की नाही, कुणालाच माहीत नाही."

"बरं. पर उठल्या तर खऱ्या!" त्या म्हणाल्या, आणि वैजयंतीनं त्यांना घट्ट धरलं.

पेशींत गेलेला माझा भाग केव्हाच विरघळला. उरलेला मी फ्रीजमधल्या नळीत आहे. एवढंच मागणं: मला अजून औषध म्हणू नका आणि माझ्या नादानं कुणी गोळ्या सोडू नका. आता इतर माणसांच्या रक्तावर हे जमतं का, ते बघायचंय. आज नवं रक्त आलंय. चैतालीची पावलं वाजतायत. उघड बाई, लवकर दार उघड!