बिनकामाची आग

शुक्रवारी दुपारी हेमचंद्र सरांचा फोन आला तेव्हा इस्मत सौदीतल्या हुफूफ शहरात, घराच्या अंगणात शेगडीला पंखा घालत होती. निखाऱ्यांवर हामूर मासा होता आणि तिचा नवरा सिराजुद्दीन चिमटा घेऊन त्याच्यावर पहारा देत होता.

हेमचंद्र पुण्यातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक. इस्मतची विज्ञानकथा त्यांना आवडली होती. छापून आली तर ती तिची पहिलीच छापील कथा ठरणार होती.

कथा एका यानाची आहे. त्यातल्या माणसांच्या कित्येक पिढ्या प्रवासातच सरल्या आहेत. सगळं विजेवर चालतं, तरी एका खोलीत पहिल्या पिढीने पेटवलेली आग आहे. तिथे कशालाच वजन नसल्यामुळे धूर वर जात नाही. ज्योत गोल होते आणि स्वतःच्याच धुरात गुदमरते. म्हणून कुणीतरी सतत पंखा घालत बसावं लागतं. कप्तान आग विझवायचा हुकूम काढतो. पंखा घालणाऱ्या बायका तो मानत नाहीत. कथा तिथेच संपते.

"इस्मतताई, विज्ञान चोख आहे," सर म्हणाले. "पण ही आग करते काय?"

"जळते."

"ते कळलं हो. उपयोग काय तिचा? यानातली हवा खाते, माणसं अडकवून ठेवते. वाचक विचारणारच."

"कप्तानही तेच विचारतो, सर."

सर हसले. "एक पान वाढवा. शेवटी यानाची वीज जाते आणि याच आगीमुळे सगळे वाचतात. कप्तान माफी मागतो. झालं."

"म्हणजे आगीला नोकरी लावायची."

"लावा की. तिकडे सगळे नोकरीसाठीच जातात ना?"

इस्मतचा हात थांबला. सिराजुद्दीनने चिमट्याने पंख्याकडे खूण केली. तिने पुन्हा सुरुवात केली.

"सर, माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, लिहिलंय की काम करण्याची परवानगी नाही. रत्नागिरीत मी रसायनशास्त्र शिकवत होते. इथे जो भेटतो तो विचारतो, तुम्ही काय करता. मी उत्तर देणं सोडलंय. माझी आगही देणार नाही."

"पण हे तुम्ही कथेत कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहिणारही नाही. मग तेच तिचं कारण होऊन बसेल."

"ताई, असा शेवट असेल तर मला कथा घेता येणार नाही."

"घेऊ नका. फक्त तुम्ही बदलून छापू नका."

"तसं करणार नाही."

फोन बंद झाला.

"छापतात?" सिराजुद्दीनने विचारलं.

"नाही. शेवटी एक पान वाढवून हवंय त्यांना."

"एका पानासाठी? लिहून टाकायचं होतंस."

"तुम्हीपण त्यांच्याच बाजूचे?"

"मी माशाच्या बाजूचा." त्याने मासा उलटला. "पुढे काय करतात त्या बायका?"

"पंखा घालतात."

"कंटाळत नाहीत?"

"कंटाळतात."

मासा भाजून झाला. सिराजुद्दीनने तो ताटात काढला आणि नेहमीसारखा निखाऱ्यांवर ओतायला पाण्याचा तांब्या उचलला.

"राहू द्या," इस्मत म्हणाली.

"आता काय भाजायचंय?"

"काही नाही."

ती पंखा घालत राहिली. राख उडाली आणि निखारे पुन्हा लाल झाले. सिराजुद्दीन तांब्या घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने तो खाली ठेवला आणि ताट तिच्याजवळ सरकवलं.

"पंखा डाव्या हातात घे," तो म्हणाला. "म्हणजे उजव्याने जेवता येईल."