सागवानाच्या दोन वाट्या

आमच्या घरातला आवाज रोज सकाळी नऊ वाजता निघून जातो आणि संध्याकाळी सहाला परत येतो. मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हे सुरू झालं. त्या दिवशी नऊला मी कांदा चिरत होते. सुरी पाटावर पडत होती आणि पाटावरून काहीच येत नव्हतं. मी मुरलीधरना हाक मारली. माझं तोंड हललं, एवढंच. ते पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, तेही तसंच गेलं. संध्याकाळी सहाला नळाचं पाणी एकदम वाजायला लागलं, तेव्हा ते म्हणाले, "आला वाटतं."

आवाज कुठं जात असेल ते आम्हां दोघांनाही कळलं होतं. नऊ ते सहा ही माझी ड्यूटी होती. मी ट्रंक एक्स्चेंजला परगावचे कॉल जोडून देणारी ऑपरेटर होते, सात नंबरच्या बोर्डावर. नंतर बोर्ड काढून टाकले आणि मला बिलांच्या विभागात बसवलं, तिथून मी निवृत्त झाले. मला निरोपाचा नारळ मिळाला. आवाजाला तो कुणी दिला नव्हता, म्हणून तो आपला कामावर जात राहिला.

सवय होते. कुकरची शिट्टी वर उचललेली बघून मी शिट्ट्या मोजायचे. मुरलीधरना काही सांगायचं असलं तर ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहायचे. अडत दुकानात दिवाणजी म्हणून त्यांची हयात गेली, त्यामुळे अक्षर सुरेख. बाकीचं बोलणं आम्ही सहापर्यंत साठवून ठेवायचो. घराबाहेर पडलं की आवाज असायचा, पण घराबाहेर आम्हाला एकमेकांशी बोलण्यासारखं फारसं काही नसायचं. अशी आठ वर्षं गेली.

एका सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, त्यांनी पेपरातलं कात्रण माझ्यासमोर ठेवलं. सावंतवाडीत एक मेस्त्री ज्याच्या त्याच्या कानाच्या मापानं लाकडी हेडफोन करून देतो, पाठीमागून बंद. आत आलेला आवाज बाहेर पडत नाही. कात्रणाच्या कडेला मुरलीधरनी लिहिलं होतं, 'तुझ्यापुरता तरी घरात राहील.'

आम्ही एसटीनं सावंतवाडीला गेलो. मेस्त्रींचं दुकान तलावाच्या मागच्या बाजूला होतं. ते साठीचे, बारीक, कानांवर पांढरे केस असलेले गृहस्थ होते. आधी लाकडी फळं आणि बैलगाड्या करायचे, त्यातली एक लाखेनं रंगवलेली पपई अजून खिडकीत होती.

"बसा हां," ते म्हणाले. "कान बघूया."

त्यांनी सुताराचा कंपास घेऊन माझे दोन्ही कान मोजले. डावा उजव्यापेक्षा थोडा मोठा निघाला. "हेडसेटचा कान," ते म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "पाठ उघडी की बंद?"

"फरक काय?"

"उघड्या पाठीत आवाज येतो-जातो. घरचं पण ऐकू येतं, आतलं पण. बंद पाठीत आत आला की आतच. घट्ट, भरलेला लागतो कानाला. पण मग तो बाहेर काढायला मी येणार नाय."

"बंदच करा," मी म्हणाले.

"विचार करा, बाई."

"आठ वर्षं केलाय."

ते आत गेले आणि विटेएवढे लाकडाचे ठोकळे घेऊन आले. प्रत्येक ठोकळा कानाला लावून बघायचा होता. झाड जिथं होतं, किंवा लाकूड जिथं राहिलं होतं, तिथला आवाज त्यात असायचा. शिवणीच्या ठोकळ्यात कुणीतरी पंगतीसाठी पत्रावळ्या मांडत होतं. फणसात एक बाई मुलांना पाढे शिकवत होती. सत्तावीसपर्यंत आली की ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. आंब्यात पाऊल टाकल्यासारखं काहीतरी, आणि मग बराच वेळ काही नाही. शिसवाचा आवाज सगळ्यांत गोड होता, खोल विहिरीत घागर बुडावी तसा, पण तो ऐकताना मला ओळखीचं कुणी आठवेना.

शेवटचा ठोकळा सागवानाचा होता. त्याच्या एका बाजूला जुनं पॉलिश होतं आणि पितळी स्क्रूचं भोक. मी तो डाव्या कानाला लावला. एक मुलगी म्हणाली, "नंबर सांगा." मग प्लग बसल्याचा आवाज. मग शेजारून कुणीतरी हसलं, हसता हसता ठसका लागला, आणि पहिली मुलगी म्हणाली, "इंदू, हळू, बाई बघतायत."

ती पहिली मुलगी मी होते. बावीस वर्षांची.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

"सरकारी फर्निचरचा लिलाव होता, त्यातलं. कसलं होतं ठाऊक नाय. लाकूड चांगलं."

मुरलीधर म्हणाले, "काय येतंय त्यात?"

"काम चाललंय," मी म्हणाले.

त्यांनी ठोकळा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ धरला. "मला काही येत नाही," ते म्हणाले. पण परत देताना पॉलिशवरची धूळ त्यांनी अंगठ्यानं पुसली.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. आमटीच्या वाट्यांएवढ्या दोन वाट्या, बाहेरून गुळगुळीत, सागाच्या रेषा एका वाटीवरून निघून दुसरीवर पुढं चालू राहिलेल्या. आतून काळं मऊ कातडं. डोक्यावरची पट्टी चामड्याची. वजन थोडं जास्त वाटलं, पण डोक्यावर बसल्यावर गेलं. वायर नव्हती. मी मेस्त्रींना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "कशाला जोडणार होता?"

दुसऱ्या दिवशी नऊला दोन मिनिटं कमी असताना मी हॉलमधल्या खुर्चीत बसले आणि हेडफोन लावले. मुरलीधर समोर बसले. नऊ वाजले. पंख्याचा आवाज घरातून निघाला, मग रस्त्यावरच्या रिक्षांचा, मग फ्रिजचा, आणि सगळे माझ्या दोन कानांवरून आत शिरले. आत जागा होती. आवाज लाकडाला लागून परत येत होते, कोरडे, उबदार, एकेक वेगळा. माझ्या उजवीकडं कुणीतरी चहावर फुंकर घालत होतं.

"किती दिवस दांडी मारलीस गं?" इंदू म्हणाली.

इंदू आठ नंबरच्या बोर्डावर बसायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली आहेत.

"अगं, घरीच होते," मी म्हणाले.

मागून गोसावी बाईंच्या चपला आल्या. त्या आमच्या सुपरवायझर. "सात नंबर, तिकिटं साचलीत."

"हो बाई."

मी कामाला लागले. एकेका तिकिटावर एकेक कॉल नोंदवलेला, प्रत्येकाला तीन मिनिटं. ज्यांचे कॉल तेव्हा लागले नव्हते ते सगळे अजून लाईनवर थांबले होते. एका माणसाला बहिणीला सांगायचं होतं की मुलगी झाली. एका शिक्षकांना बदलीची ऑर्डर थांबवायची होती. एकजण नुसतंच विचारत होता, तिकडं पाऊस आहे का. मी लाईन जोडून द्यायचे, ते बोलायचे, ठेवून द्यायचे. सुरुवातीला माझे हात हवेतच प्लग लावायचे. चौथ्या दिवशी समोरच्या भिंतीला भोकं पडलेली दिसली, पितळी कडांची, दहाच्या ओळीत. मग सोपं झालं.

पहिल्याच संध्याकाळी सहाला मी हेडफोन काढले. नळ सुरू केला. पाणी पडलं आणि वाजलं नाही. मुरलीधरच्या ओठांनी विचारलं, आला? मी एक वाटी त्यांच्या कानाला लावली. ते ऐकत राहिले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. मेस्त्रींनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. आत आलेला आतच राहिला होता.

मग मी हेडफोन काढेनाशी झाले. जेवताना, केस विंचरताना इंदू कानाशी असायची. तिचं ते ठसका लागणारं हसणं, दुपारी डब्यांची झाकणं, कुणीतरी आणलेली चिंच, बाई वळल्या की सगळ्यांचं एकदम गप्प होणं. मला कळलं नव्हतं की मला हे इतकं हवं होतं. मुरलीधर दिवसभर समोर बसून राहायचे. कॅलेंडरची पानं त्यांनी लिहून संपवली, मग वाण्याच्या पुड्यांचे कागद. 'भाजी काय करू?' 'पाठ दुखतेय का?' 'आज तू हसलीस दोनदा.' मी वाचायचे आणि मान डोलवायचे. माझे दोन्ही हात प्लगमध्ये असायचे.

हॉल रोज एक फरशी कमी होत होता. आधी टीव्हीचं टेबल गेलं, मग दिवाण. मुरलीधर आपली खुर्ची पुढं घेत होते. भोकांची भिंत माझ्या उजव्या कोपराशी आली, दार त्यांच्या पाठीशी आलं. शेवटी दोन फरश्या उरल्या आणि आमचे गुडघे एकमेकांना लागले.

त्याच दिवशी तिकिटं संपली. एकच राहिलं. ते रजिस्टरखाली सरकलं होतं.

मुरलीधर शेंडे, अडत दुकान, यांच्याकडून कोळेवाडी ४, डॉक्टर कामतांचा दवाखाना. अर्जंट. वेळ अकरा दहा. सात जुलै, अठ्ठ्याहत्तर.

ते तिकीट माझ्याच अक्षरात होतं. त्या दिवशी इंदूला बघायला आलेल्या मुलाचा होकार आला होता आणि ती म्हणाली होती, चल, खाली चहा पिऊ. मी तिकीट रजिस्टरखाली ठेवून गेले. आम्ही वीस मिनिटं बसलो. परत आले तेव्हा कोळेवाडीची लाईन पडली होती, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. दवाखान्यात मुरलीधरची आई होती. ती चार वाजता गेली.

तिचे दिवस झाल्यावर ते आमच्या काउंटरला आले. टोपी हातात होती. भांडले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "लाईन खराब होती का?"

"हो," मी म्हणाले.

"मग तुमचा काय दोष," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले, कारण जायला त्यांना कुठं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. मग येतच राहिले. वर्षानं आमचं लग्न झालं. त्यांनी तो प्रश्न एकदाच विचारला होता आणि मी ते उत्तर एकदाच दिलं होतं.

"चल गं," इंदू उजवीकडून म्हणाली. "चहाला जाऊ. होकार आलाय."

"तू जा."

"काय झालं?"

"एक तिकीट राहिलंय."

तिची खुर्ची मागं सरकली. तिच्या बांगड्या जिन्यावरून खाली गेल्या.

मुरलीधर पावटे सोलत होते. मी पुड्याचा कागद घेतला आणि लिहिलं, 'तुमचा कोळेवाडीचा कॉल लावतेय.'

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, 'लाईन सुरू झाली का?'

'हो,' मी लिहिलं.

त्यांनी कागदाची चार बाजूंनी घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. बोटांना पावट्याच्या साली चिकटल्या होत्या, त्या मी काढल्या. हा कॉल लागला तर त्यांना काउंटरला येऊन काही विचारायचं राहत नाही, आणि त्यापुढचं काहीच घडत नाही, हे मला दिसत होतं. मी प्लग लावला.

घंटी वाजली. डॉक्टरांनी उचललं, मग फोन कुणाच्या तरी उशीशी नेला. श्वास ऐकू आला.

"कोण?" म्हातारीनं विचारलं.

"आई, मी मुरली." पंचवीस वर्षांचा आवाज, घाबरलेला. मी हा आवाज विसरले होते.

"जेवलास का?"

"जेवलो. औषध घेतलंस?"

"कडू आहे रे."

"घे पण. मी रविवारी येतो."

"रविवारी नको. आत्ता ये."

"दुकानात माल आलाय, आई."

"असू दे माल."

तो थांबला. सागाच्या आत ते थांबणं मला स्पष्ट ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला. "निघतो."

समोर मुरलीधर उठले. त्यांनी खुर्चीखाली पायानं चपला शोधल्या आणि घातल्या. मग माझ्याकडं पाहिलं. स्टँडवर शेजारी बसलेल्या बाईकडं गाडी लागल्यावर बघतात तसं, आदरानं, थोडं हसून.

"सात नंबर," गोसावी बाई मागून म्हणाल्या, "तीन मिनिटं."

मी बोर्डावरची बोलायची किल्ली दाबली.

"तीन मिनिटं झाली," मी म्हणाले. "वाढवायची का?"

दोन्हीकडचे श्वास थांबले. समोर मुरलीधरचा हात कडीवर होता.