पुढची सीट

आठव्या वळणावर त्याचे पाय थकले. सायकल मात्र थांबली नाही.

त्या लांबलचक सायकलीवर दोघांची पायडलं एकाच चेनने जोडलेली होती. पुढे तो, मागे ती. पुढच्याचा जोर गेला की मागच्याच्या तळव्यांना लगेच कळायचं. तिने ओठ मिटले आणि दोघांचा भार आपल्या गुडघ्यांवर घेतला. 'देवा, एवढं वळण पार पडू दे.' मागच्या सातही वळणांवर तिने हेच मागितलं होतं. देव हाकेला धावून येतो, याबद्दल तिला शंका नव्हती. चढ तेवढा तो कमी करत नाही, हेही तिला माहीत होतं.

"दमलीस काय गं?" त्याने पुढून विचारलं.

"मी कशाला दमू? ओढताय तर तुम्ही."

"मग! सायकल मिस्त्रीचे पाय आहेत हे."

"पुरे कौतुक. समोर बघा."

तो हसला, आणि हसता हसता खोकत राहिला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून तिला आत बोलावलं होतं. हृदयात आता पाव ताकद उरलीय, फार तर हिवाळ्यापर्यंत, असं ते म्हणाले. बाहेर येऊन तिने सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणे. टॉनिक दिलंय." त्याने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी सायकलने घाटातल्या खिंडीपर्यंत जायचा हट्ट धरला. लग्न झालं त्या वर्षी त्याने दोन मोडक्या सायकली जोडून ही एक केली होती, आणि पहिली फेरी याच खिंडीपर्यंत मारली होती. नाही म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, आणि तेच तर सांगायचं नव्हतं.

त्याचे गुडघे आज हँडलला घासत होते. निघतानाच ती म्हणाली होती, "अहो, सीट किती खाली घेतलीत! बेडकासारखे दिसताय."

"म्हाताऱ्याची कंबर आहे बाई. बस मागे."

अकराव्या वळणावर तो पुन्हा बोलला. श्वास शब्दाशब्दाला अडत होता.

"तीस वर्षं शिलाईमशीन चालवलीस. इतकं पायडल मारलंस, पण घराबाहेर काही पोचली नाहीस."

"आज पोचतेय की. तुमच्या कृपेने."

खिंडीत पोचल्यावर तो उतरला आणि हँडल धरूनच कितीतरी वेळ उभा राहिला. ओठ निळसर झाले होते. तिने पाणी दिलं, रुमालाने मान पुसली. वारा सुटला होता. दोघंही आलेल्या वाटेकडे बघत राहिले.

"आता तू पुढे बस," तो म्हणाला.

"मी? मला हँडल कुठं धरता येतं?"

"मैलभर सपाटी आहे. तेवढ्यात जमेल. उतार त्याच्या पुढे."

"चेष्टा पुरे. आता या वयात?"

"ही एकट्याने चालवायची झाली, तर पुढेच बसावं लागतं."

"एकट्याने कोण चालवतंय?"

तो ब्रेकची तार बोटांनी चाचपत राहिला.

ती पुढे बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले, टाचांसकट. तिने जन्मभर लोकांची मापं घेतली होती. अंदाजाने जमलेलं माप कोणतं आणि बेतून घेतलेलं कोणतं, हे तिला हात लावताच कळायचं. हे बेतलेलं होतं.

"सीट सकाळीच केलीत?"

"इथं आल्यावर पाना फिरवायला जोर राहिला नसता."

तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"टॉनिक घेताय ना रोज?"

"घेतो की. गोड आहे."

मागची सीट करकरली. तो बसला होता.

"मागचा ब्रेक आधी," त्याचा आवाज आला. "पुढचा एकदम दाबायचा नाही. आणि चाकाकडे बघू नकोस, लांब बघ."

तिने मान वर केली. तीस वर्षं डोळ्यांसमोर त्याची पाठ असायची. आता तिथे नुसता रस्ता होता.

तिने पायडलवर पाय ठेवला. हँडल डगमगलं, उजवीकडे गेलं, मग सावरलं. पाच-सहा हातांवर तिच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. अगदी हलकं.

मागून तो जोर लावत होता.