कोंबडीच्या पायाची मूठ

"वळली! मूठ वळली!"

बाबांच्या मठाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून बघत होते. बाबांनी काचवाल्याचा लुळा उजवा हात उचलला, डोळे मिटले आणि पंजा हळूच मागे झुकवला. दोन महिने मेल्यासारखी लोंबणारी बोटं आपसूक मिटली. तळहातावर ठेवलेली काच कापायची कलम मुठीत अडकली.

"डॉक्टर सुईदोऱ्याने कातडं शिवतो, आम्ही प्राण शिवतो!" बाबा गरजले.

काचवाल्याची थोरली बहीण ढसाढसा रडली. तिनेच त्याला इथे आणलं होतं. आई गेल्यापासून घरात तिचाच शब्द शेवटचा. तावदान निसटून त्याचा दंड आतून चिरला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बोटांना मिटायचा हुकूम नेणाऱ्या नसा तुटल्यात. लवकर जोडू. उशीर केलात तर स्नायू वाळतील." बाबा म्हणाले, "लोखंड लावाल तर मूठ कायमची उघडी." बहिणीने बाबांचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या दुकानात कोंबड्या कापत होती. तीस वर्षं हाच धंदा. तोडलेल्या पायातून लोंबणारी पांढरी दोरी चिमटीत आली, सहज ओढली गेली. नख्या मिटल्या. सोडली, तशा सैल पडल्या. लहानपणी हाच खेळ करून ती भावाला घाबरवायची.

कालची मूठही अशीच वळली होती. पाय हातात घेऊन ती तशीच रक्ताळल्या हातांनी मठाच्या अंगणात पोचली.

"बाबा, ही कोंबडी सकाळीच मेली. हिचाही प्राण शिवलात का?" तिने दोरी ओढली. कुणीतरी फिसकन हसलं.

"ताई, वेड लागलं का तुला?" कालपासून बाबांपाशीच बसलेला भाऊ ओरडला.

"गप. हात दे इकडे." तिने त्याचा हात कोपराखाली धरला. "बोटांत मांस कुठलं? मांस इथे. इथून दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. पंजा मागे झुकवला की दोऱ्या ताणतात." तिने कलम त्याच्या तळहातावर ठेवून पंजा झुकवला. बोटं मिटली, कलम अडकली. तिने पंजा खाली सोडला. कलम खणकन फरशीवर पडली. "आता पंजा न झुकवता मिटवा मूठ, बाबा!"

"तुमची श्रद्धाच कमी पडली!"

"कमी पडली असती तर बरं झालं असतं. ती जास्त झाली, म्हणून हात गेला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटं एकेक चाचपली. "जोडते. पण दोन महिने फुकट गेले, ताई. किती परत येईल, सांगता येत नाही."

"चूक माझी," ती भावाला म्हणाली. "हो," तो म्हणाला.

दीड वर्षाने दोन बोटं परतली. अंगठा परतला नाही, आणि अंगठ्याशिवाय कलम धरता येत नाही.

आता गिऱ्हाइकाने कुठल्याही बाबाचं नाव काढलं की ती ओट्यावरचा कोंबडीचा पाय उचलते, दोरी ओढते. "नमस्कार घालण्याआधी दोरी कुठे आहे ते शोधा. आणि दुखलंखुपलं तर आधी दवाखाना गाठा. हात वाट बघत नाही."

मागे काचवाला खाली मान घालून डाव्या हाताने पिसं उपटत असतो.